अंड्याचा आकार पुडीत नसतो

महोदय,

उन्हाळा लागला की मराठवाड्यातल्या लेअर (अंड्यांच्या कोंबड्यांच्या) शेडांवर ‘ही आतड्याची पावडर द्या, अंडं मोठं होईल’ असा प्रचार सुरू होतो. तो अर्धाच खरा आहे. प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणू) किंवा ब्युटिरेट (आतड्याला पोषक आम्लाचा क्षार) यांनी आतडं सुधारतं, खाल्लेलं अंगी लागतं, कवचालाही थोडा फायदा होऊ शकतो. अंड्याचं वजन मात्र वाढलंच तर जेमतेम.

आकार मुळात ठरतो तो कोंबडीचं वय, अंड्यावर येतानाचं तिचं वजन, खाद्यातलं मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) आणि लिनोलिक आम्ल (तेलातलं एक मेदाम्ल) यांवर. पारा चाळिशीपार गेला की दिवसाला ११० ग्रॅम खाणारी कोंबडी ९५ ग्रॅमवर येऊ शकते. खाद्यात मेथिओनिन ०.४० टक्के असेल तर पोटात ४४० ऐवजी ३८० मिलिग्रॅमच जातं. तेव्हा ते ०.४६ टक्क्यांवर न्यायला हवं. नुसत्या पुडीने ही तूट भरत नाही. बुरशी लागलेला मका असेल तर बोलायलाच नको.

तरी द्यायचीच असेल तर पावडर थेट मिक्सरमध्ये ओतू नये. आधी २ किलो भरड्यात, मग २५ किलोत, मग टनात मिसळावी. नाहीतर एका गव्हाणीत ढीग, दुसरीत काहीच नाही. क्लोरीनच्या पाण्यात किंवा अँटिबायोटिकसोबत दिली तर जिवाणू मरतात. लॅक्टोबॅसिलस जिवाणूंची पाकिटं तापल्या पत्र्याखालीही टिकत नाहीत; बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू (त्यांचं सुप्त रूप) बरेच चिवट.

फरक पाहायचा तर एकाच वयाच्या दोन शेडांपैकी एकालाच पावडर द्यावी. दर आठवड्याला ठरल्या वेळी तीन ट्रे (९० अंडी) तोलून, रिकाम्या ट्रेचं वजन वजा करून, ९० ने भागावं. चार आठवडे.

— काही लेअर कुक्कुटपालक, लातूर जिल्हा