शिफ्ट की कुरकुरते आणि तुम्ही म्हणता दोष नाही

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतल्या मेकॅनिकल कीबोर्डच्या दोन्ही शिफ्ट आणि ‘के’ या कीमधून येणारी कुरकुर, आणि ती दुरुस्त करून देण्यास आपण दिलेला नकार

महोदय / महोदया,

मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहते आणि घरूनच मराठी-इंग्रजी टायपिंग व भाषांतराचं काम करते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, तेव्हापासून हे काम चांगलंच वाढलं आहे. फेरफार, खरेदीखतं, जबाब असे जुने पुसट कागद आधी मराठीत नीट टाइप करायचे आणि मग त्यांचं इंग्रजी करायचं. दिवसभर बोटं चालणार म्हणून आपल्याच वेबसाइटवरून साडेसहा हजारांचा कीबोर्ड मागवला. तोही मुद्दाम ब्राउन स्विचचा. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कीखाली वेगळा स्विच असतो, आणि रंगावरून त्याची जात कळते. ब्लू स्विच प्रत्येक दाबाला टिकटिकतो. तो त्याचा गुणच आहे आणि ज्यांना आवडतो ते पैसे देऊन घेतात. मला तो नको होता, कारण निम्मं काम फोन स्पीकरवर ठेवून, वकील सांगतील तसं उतरवून घ्यायचं असतं.

पहिल्याच आठवड्यात डावी शिफ्ट कुरकुरायला लागली. मग उजवी. मग ‘के’. पलीकडून वकीलसाहेब मजकूर सांगता सांगता थांबतात आणि विचारतात, “मॅडम, मागं काय वाजतंय?”

आपल्या ग्राहक सेवेकडून यावर मिळालेली उत्तरं अशी : मेकॅनिकल कीबोर्ड म्हटला की आवाज येणारच. तुमच्याकडची हवा दमट आहे. थोडं तेल सोडून बघा. आणि शेवटी लेखी उत्तर असं की कीबोर्ड ‘उघडला’ तर वॉरंटी रद्द होईल. तेल कीबोर्ड न उघडता नेमकं कुठून सोडायचं, ते कुणी सांगितलं नाही. (प्रत्येक मेलमध्ये मला ‘डिअर सर’ म्हटलं आहे, ते सोडून देते.)

हवेचं आधी सांगते. पावसाळ्यात पंचगंगा पात्र सोडते हे खरं, पण ती अजून माझ्या टेबलापर्यंत आलेली नाही. शिवाय त्याच टेबलावर, त्याच हवेत बाकीच्या सगळ्या की गप्प आहेत.

आता आवाजाचं. आवाज कसा असावा हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवू नका. इथं पायताण करकर वाजलं पाहिजे म्हणून चार पैसे जास्त मोजणारी माणसं आहेत. पण ते सांगून, बसवून घेतलेलं वाजणं असतं. मी आपल्याकडे वाजणारी शिफ्ट मागितली नव्हती.

दोष कुठं आहे हे मी शोधलं आहे आणि त्यासाठी काहीही उघडलेलं नाही. आपणच खोक्यात दिलेल्या पुलरनं, म्हणजे चिमट्यानं, शिफ्टची कॅप (वरचं टोपण) वर काढली. लांब कीच्या खाली मधला स्विच असतो आणि दोन्ही टोकांना स्टॅबिलायझरचे दोन खांब. ते आतून एका वाकवलेल्या पोलादी तारेनं जोडलेले असतात, म्हणजे की कडेला दाबली तरी दोन्ही बाजू सारख्या खाली जाव्यात. कॅप बाजूला ठेवून नुसता मधला स्विच दाबला, आवाज नाही. नुसता डावा खांब बोटानं दाबला, कुर्र. आपला कीबोर्ड हॉट-स्वॅप आहे, म्हणजे स्विच नुसता उपसून दुसरा लावता येतो, तशी जाहिरातच आहे, म्हणून शिफ्टचा स्विच काढून स्क्रोल लॉकला लावला आणि तिथला इकडे आणला. कुरकुर शिफ्टलाच राहिली. म्हणजे स्विच निर्दोष, दोष स्टॅबिलायझरचा. ‘के’चं उलट झालं. तिथला स्विच दुसरीकडे लावला तर आवाज त्याच्याबरोबर गेला. म्हणजे तिथं स्विचच्या आतला दांडा त्याच्या खाचांत कोरडा घासतोय.

आणि आता मुख्य गोष्ट. मी स्पेसबारची कॅपही काढून पाहिली. तिथल्या तारेच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या ग्रीसचा थर आहे आणि स्पेसबार वाजत नाही. एंटर, बॅकस्पेसलाही थोडं ग्रीस दिसतं. दोन्ही शिफ्टच्या तारा मात्र कोऱ्या करकरीत, बोट फिरवलं तर बोटाला काही लागत नाही. म्हणजे तार कोरडी ठेवली तर ती बोलणार, हे आपल्या कारखान्याला माहीत आहे. स्पेसबारला लावलं आणि शिफ्टला विसरले, किंवा वाचवलं. याला मी गुणधर्म म्हणायचं का? उद्यमनगरातल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा, तो चहा संपायच्या आत सांगेल की कोरड्या पृष्ठभागावर भाग सरळ सरकत नाही. तो अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. सेकंदाला शेकडो वेळा चाललेली ही धरसोड कानाला कुरकुर म्हणून ऐकू येते. त्यावर उपाय एकच, मध्ये वंगण हवं.

मी आपल्या सांगण्यावरून तेल सोडलं नाही हे आपलं नशीब समजा. घरात शिवणयंत्राचं तेल असतं, दाराच्या बिजागऱ्यांना मारायचा स्प्रे असतो. माणूस तेच उचलणार. पेट्रोलियमचं तेल काही प्लास्टिकला ठिसूळ करून तडे पाडतं. पातळ असल्यानं ते ओघळत स्विचमधल्या तांब्याच्या मिश्रधातूच्या पात्यांपर्यंत जातं, धूळ धरतं, आणि मग की कधी उमटते, कधी उमटत नाही. प्लास्टिकला चालणारं वंगण वेगळं असतं. तारेला घट्ट सिलिकॉनचं किंवा डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि स्विचच्या दांड्याला क्रायटॉक्स २०५सारखं स्विचसाठीचं ग्रीस, तेही बारीक ब्रशनं, जेमतेम ओलसर दिसेल इतकंच. त्यातही ब्राउन स्विचच्या दांड्याला जे दोन पाय असतात, ज्यांच्यामुळं बोटाला तो हलका उंचवटा जाणवतो, ते कोरडेच ठेवायचे. तिथं ग्रीस लागलं तर उंचवटा बसतो आणि ब्राउन स्विच घेतल्याचा उपयोग राहत नाही. हे ज्या कंपनीला ठाऊक असायला हवं, तिचा माणूस फोनवर ‘थोडं तेल’ म्हणतो.

आपण सांगितलं म्हणून माझ्या खर्चानं कीबोर्ड आपल्या पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवला. तो तसाच परत आला, सोबत चिठ्ठी : ‘दोष आढळला नाही.’ तपासणी कशी झाली असेल याचा मला अंदाज आहे. एकेक की मधोमध झटकन दाबली असेल आणि स्क्रीनवर त्या कीचा चौकोन हिरवा झाला की पुढची. अशानं ही कुरकुर सापडत नाही. शिफ्ट कोण मधोमध दाबतं? करंगळी टोकाला पडते, की जरा तिरपी होते, आणि सगळा भार तारेवर येतो. टोकाला, सावकाश दाबा, लगेच ऐकू येईल. सोबतच्या व्हिडिओत मी तसंच करून दाखवलं आहे.

‘एवढीशी शिफ्ट, इतकं काय’ असंही एकदा ऐकवण्यात आलं. इंग्रजी टाइप करणाऱ्याला शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला आणि नावापुरती लागते. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करते. सरकारनं १९८६ मध्ये भारतीय भाषांसाठी ठरवलेला हा कळफलक आजही विंडोजमध्ये आणि लिनक्समध्ये आहे. त्यात ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ ही सगळी अक्षरं शिफ्टनं येतात. ण, ळ, श, ष शिफ्टनं. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ओ हे स्वर सुटे लिहायचे तर तेही शिफ्टनं. ‘कोल्हापूर’ एकदाही शिफ्ट न दाबता उमटतं, पण ‘फेरफार’ला दोनदा, ‘खरेदीखत’ला दोनदा, ‘रंकाळा’ला एकदा शिफ्ट लागते. म्हणजे ओळीत जितक्या वेळा शिफ्ट तितक्या वेळा कुरकुर. बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत आणि शिफ्ट दुसऱ्या हातानं दाबायची असते, त्यामुळं सगळ्यात जास्त मार डाव्या शिफ्टला बसतो, आणि आपण कोरडी सोडलेली हीच ती की. भारतात कीबोर्ड विकायचा आणि तपासायचा मात्र फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याच्या हिशेबानं, हे मला पटत नाही.

माझं मागणं साधं आहे. हा कीबोर्ड बदलून द्या, आणि बदली द्याल तो पाठवण्याआधी दोन्ही शिफ्टच्या तारांना ग्रीस आहे ना हे कुणीतरी कॅप काढून बघा. ते जमत नसेल तर ग्रीस लावलेले दोन स्टॅबिलायझर आणि एक ब्राउन स्विच पाठवा, आणि ते मी स्वतः बसवले तर वॉरंटी अबाधित राहील असं लेखी द्या. खोक्यात कॅप आणि स्विच काढायचे पुलर घालायचे, हॉट-स्वॅप म्हणून जाहिरात करायची आणि ग्राहकानं ते वापरले की ‘उघडला’ म्हणायचं, या दोन्ही गोष्टी एकदम चालणार नाहीत. पुण्याला पाठवण्याचा कुरिअर खर्च परत हवाच.

आपण स्वतःच्या वेबसाइटवरून विक्री करता, त्यामुळं ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० आपल्याला लागू आहेत. त्यानुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढं कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९च्या कायद्यानं ग्राहकाला तो राहतो तिथंच दावा दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. तो अर्ज टाइप करायला मला कुणाकडे जावं लागणार नाही. कुरकुरत का होईना, याच कीबोर्डवर होईल.

सोबत खरेदीची पावती, कुरिअरची पावती, आपल्या सेंटरची चिठ्ठी, स्पेसबार आणि शिफ्टच्या तारांचे शेजारी शेजारी काढलेले फोटो आणि व्हिडिओ जोडला आहे. व्हिडिओ कृपया आवाज चालू करून बघावा. कुरिअर पाठवणार असाल तर संध्याकाळी पाचनंतर पाठवा, तोवर मी कामात असते.

कळावे,

आपली ग्राहक,
शाहूपुरी, कोल्हापूर