शाकाहार जरूर स्वीकारावा, पण शरीराविषयी चुकीचे सांगू नये

संपादक महोदय,

माणूस निसर्गतः शाकाहारी की मांसाहारी, हा वाद आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस चालू आहे. एक बाजू आतड्यांची लांबी पुढे करते, दुसरी सुळ्यांकडे बोट दाखवते. मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले आणि गेली पंधरा वर्षे पूर्णपणे वनस्पतिजन्य आहारावर आहे. दूध आणि अंडीही घेत नाही. त्यामुळे हे पत्र मी माझ्याच बाजूच्या लोकांना उद्देशून लिहीत आहे. माणसाचे शरीर मिश्राहारी आहे, आणि शाकाहाराची बाजू मांडण्याच्या भरात ही गोष्ट नाकारली, तर त्याचा त्रास शेवटी आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला भोगावा लागतो.

आधी दात पाहू. शाळेच्या प्रयोगशाळेत मांजराची आणि शेळीची कवटी मी नेहमी शेजारी शेजारी ठेवत असे. मांजराचा खालचा जबडा हातात धरून हलवला की तो बिजागरीसारखा केवळ वर-खाली होतो. त्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासत जातात आणि अन्न दळायला त्यांच्यावर सपाट जागाच नसते. शेळीची दाढ मात्र नुकतीच टाकी लावलेल्या जात्यासारखी खरखरीत असते. आता स्वतःच्या कानापुढे बोट ठेवून जबडा हलवून पाहावा. तो वर-खालीही होतो आणि आडवाही सरकतो, आणि आपल्या दाढांवरचे उंचवटे बुटके व गोलसर असतात. अशा दाढा डुकराला आणि अस्वलाला असतात, आणि हे दोन्ही प्राणी मिळेल ते खाणारे आहेत.

सुळ्यांचा पुरावा तर फारच कच्चा आहे. गोरिलाचे सुळे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे असतात, तरी तो मुख्यतः पाला, देठ आणि फळे यांवर जगतो. कस्तुरीमृगाच्या नराचे सुळे ओठांबाहेर येतात आणि तो वनस्पतींवर जगतो. सुळे प्रतिस्पर्ध्याला धाक दाखवण्यासाठीही वाढतात. उलट आपले दात लहान आहेत म्हणून आपण कधी मांस खाल्लेच नाही, असेही म्हणता येत नाही, कारण सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीची, दगडी हत्यारांनी कापल्याच्या खुणा असलेली प्राण्यांची हाडे इथिओपियात सापडली आहेत. ज्या प्राण्याने कापण्याचे काम हातातल्या दगडावर आणि पुढे मऊ करण्याचे काम विस्तवावर सोपवले, त्याच्या तोंडात शिकाऱ्याचे दात शोधणे व्यर्थ आहे.

आतड्यांच्या लांबीचा दाखला आमच्या बाजूचे लोक हमखास देतात, पण त्यात एक मोठी गफलत असते. माणसाची लहान-मोठी आतडी मिळून साधारण साडेसात मीटर भरतात. ही लांबी उंचीने भागली तर साडेचार पट येते, धडाच्या लांबीने भागली तर जवळजवळ दुप्पट होते. चार पायांच्या प्राण्याचे माप मात्र पायांची लांबी न धरता घेतले जाते. कशाने भागायचे हे ठरवण्यातच हवे ते उत्तर आधी ठरून जाते. लांबीपेक्षा आतड्यांतील वाटणी अधिक बोलकी आहे. चिंपांझीच्या पचनमार्गात अर्ध्याहून अधिक जागा मोठे आतडे व्यापते, कारण तंतुमय पाला तेथे कुजवावा लागतो. आपल्यात अर्ध्याहून अधिक जागा लहान आतड्याची आहे. गाईला चार कप्प्यांचे पोट आहे, घोड्याला प्रचंड आंधळे आतडे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी आहे. आपल्याकडे यांपैकी काहीच नाही, म्हणून गवतावर आपण जगू शकत नाही.

आपण मांजरासारखे मांसाहारीही नाही, याच्या खुणा शरीराच्या रसायनात आहेत. मांजर क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. आपल्या पूर्वजांत ते तयार करणारे जनुक फार पूर्वीच निकामी झाले, आणि ते निकामी होऊनही वंश टिकला, कारण रोजच्या फळांपानांतून ते भरपूर मिळत होते. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही. लाळेतील पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या चिंपांझीत सहसा दोनच प्रती असतात. माणसांत त्या बहुधा त्याहून अधिक आढळतात, म्हणजे कंद आणि दाणे खाण्याची सवयही जुनीच आहे.

आता बी-१२ जीवनसत्त्वाकडे येतो, कारण हे पत्र मी त्यासाठीच लिहायला घेतले. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती किंवा प्राणी तयार करत नाही, ते फक्त सूक्ष्मजीव करतात. गाईच्या पोटातील जीवाणू ते बनवतात आणि पुढे आतड्यात ते शोषले जाते. ससा स्वतःची मऊ लेंडी पुन्हा खाऊन ते मिळवतो. आपल्याही मोठ्या आतड्यात जीवाणू ते बनवतात, पण ते शोषून घेण्याची जागा लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे आधीच मागे पडलेली असते. रोजची गरज सुमारे २.४ मायक्रोग्रॅम इतकी थोडी आहे आणि यकृतातला साठा काही वर्षे पुरतो. नेमके हेच घातक ठरते, कारण दोन-तीन वर्षे काहीच होत नाही आणि माणूस निर्धास्त राहतो.

मीही तसाच निर्धास्त राहिलो. माणसाचे शरीर शाकाहारी असल्याने त्याला वरून कशाचीही गरज नाही, असे एका पुस्तिकेत वाचले आणि जीवशास्त्र शिकवत असूनही त्यावर विश्वास ठेवला, कारण मला ते खरे असायला हवे होते. चौथ्या वर्षी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. पुढे अंधारात चालताना पायातली चप्पल निसटली तरी कळेना. रक्तातील हिमोग्लोबिन जवळजवळ ठीक होते, कारण हिरव्या भाज्यांतील फोलेट या जीवनसत्त्वामुळे बी-१२च्या अभावी होणारा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आत चालूच राहते. इंजेक्शने घेतल्यावर बरेचसे भरून आले. डाव्या पायाची दोन बोटे अजूनही बधिर आहेत.

मांसाहाराच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी यातून आपला विजय झाला असे समजू नये. मिश्राहारी शरीराला दोन्ही प्रकारचे अन्न पचते, एवढेच यातून सिद्ध होते. मांस खाल्लेच पाहिजे, असे सिद्ध होत नाही. गोळीतील बी-१२ आज जीवाणूंच्या संवर्धनातून काढले जाते, त्यासाठी प्राणी लागत नाही, आणि नीट आखलेल्या वनस्पतिजन्य आहारावर प्रौढ माणूस निरोगी राहू शकतो. मी मांस सोडले ते प्राण्यांच्या वेदना पाहवल्या नाहीत म्हणून. माझ्या दातांची रचना वेगळी असती, तरी त्या वेदना तेवढ्याच राहिल्या असत्या.

आपणास एकच विनंती आहे. या वादातील एका पत्रात ‘शाकाहाऱ्याला गोळ्यांची गरज नसते’ असे वाक्य छापून आले होते. तसे वाक्य पुन्हा आले, तर ते एखाद्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय छापू नये. आणि ज्या वाचकांनी दूध-अंडीही सोडली आहेत, त्यांनी पायांना मुंग्या येण्याची वाट न पाहता बी-१२ची रक्ततपासणी या महिन्यातच करून घ्यावी.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक