पंखा बंद करून कानामागे ऐका

संपादक महाशय,

तुमच्या आरोग्य पुरवणीत मागे आवाजावरून मेंदूतल्या रक्तवाहिन्या तपासण्याबद्दल छापून आलं होतं. लेख चांगला होता पण सगळा यंत्रांवरच, साध्या स्टेथोस्कोपचं त्यात नावसुद्धा नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या आईला दीडेक वर्षापूर्वी उजव्या कानात आवाज यायला लागला. रात्री अंथरुणावर पडली की विचारायची, कुळागरातला (सुपारीच्या बागेतला) पंप कोणी चालू ठेवला रे? मी दोनदा बॅटरी घेऊन खाली उतरून बघून आलो, पंप बंद. तिसऱ्या रात्री तीच म्हणाली, पंप माझ्या कानातच आहे. आम्ही वयावर ढकललं. एका दवाखान्यात कानातला मळ काढून थेंब दिले, दुसरीकडे ऐकू येण्याची टेस्ट झाली ती नॉर्मल आली, मग झोपेची गोळी, असे सात महिने गेले आणि आवाज सलग येतो की नाडीच्या ठोक्याबरोबर येतो हे एकानेही विचारलं नाही.

विचारलं ते एका वयस्कर डॉक्टरांनी. मे महिन्याचा उकाडा, त्यात त्यांनी पंखा बंद करायला लावला, दार लोटून घेतलं, आईला म्हणाले श्वास धरा, आणि स्टेथोस्कोप छातीला न लावता कानामागच्या हाडावर टेकवला, मग मिटलेल्या डोळ्यावर. नंतर नळ्या माझ्या कानात घातल्या. शूऽक, शूऽक, मनगटावरच्या नाडीला धरून. ज्याला आम्ही म्हातारपणाचा भास म्हणत होतो तो आवाज मलाही ऐकू येत होता, खरं सांगतो लाज वाटली.

कुळागरवाल्याला हे समजायला वेळ लागत नाही. पाटातलं पाणी गुपचूप वाहतं, पण बांध फुटून वरचं पाणी जोरात खाली पडलं की खळखळ होते. आईच्या डोक्यात तेच झालेलं, मेंदूवरच्या आवरणात धमनी मधल्या बारीक केशवाहिन्या सोडून थेट शिरेला जुळलेली, त्यामुळे जोराचं रक्त सरळ शिरेत घुसायचं. डॉक्टर याला फिस्तुला म्हणतात. काही फिस्तुला निरुपद्रवी असतात, पण रक्त उलटं मेंदूच्या शिरांत शिरायला लागलं तर रक्तस्राव होऊ शकतो, आणि आईचा त्याच जातीतला निघाला. एमआरआय, मग अँजिओग्राफी झाली, जांघेतून बारीक नळी घालून गोंदासारखं औषध सोडून ती वाट बुजवली. त्या रात्रीच म्हणाली, पंप बंद केलास वाटतं.

यंत्रं नकोत असं माझं म्हणणं नाही. 1982 मध्ये संशोधक रुने आस्लिड आणि सहकाऱ्यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून अल्ट्रासाउंड पाठवून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजून दाखवला, आज सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांमध्ये तो वेग सेकंदाला 200 सेंटिमीटरच्या वर गेला की स्ट्रोकचा धोका ओळखून रक्त देतात. मोठंच काम आहे ते. पण तिथे आपण आवाज आत पाठवतो, आणि आईच्या केसमध्ये शरीर स्वतःच बोलत होतं, ऐकणारा नव्हता.

एक मात्र, काही ऐकू आलं नाही म्हणजे सगळं ठीक असं नाही. रक्तवाहिनीला फुगा आला असेल तर बहुतेक वेळा त्याचा आवाज बाहेर येतच नाही. उलट लहान मुलांच्या डोक्यावर असा आवाज काहीही आजार नसताना येऊ शकतो. आणि आवाज थांबतो का बघायला घरी मान दाबून प्रयोग करू नका, शेजारचा एकजण करायला निघाला होता.

आरोग्य खात्याकडे मागणं एवढंच आहे. कानात ठोक्याबरोबर आवाज येतो म्हणणारा पेशंट आला की थेंब लिहून देण्याआधी नाडी धरा आणि कानामागे स्टेथोस्कोप लावा. आमच्या भागातल्या ओपीडीत पंखे घरघरतात, बाहेर नंबर पुकारतात, खिडकीखाली बस हॉर्न मारते, तिथे छातीचे ठोके ऐकायचीच मारामार. तेव्हा प्रत्येक आरोग्य केंद्रात दार लागेल अशी एखादी खोली तपासायला मोकळी ठेवा, पंखा दोन मिनिटं बंद केला तर पेशंट कुरकुरणार नाहीत.

एक वाचक, सावईवेरे, फोंडा