बंड्या, खिडकी मीच उघडली

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, त्याबद्दल शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. माझी तब्येत बरी. बीपीची गोळी चालू आहे, गुडघा कुरकुरतो, बस्स.

पत्राचं कारण वेगळं आहे. लंबकाचा प्रयोग आठवतो? वीस-वीस दोलनं मोजायचा कंटाळा आला म्हणून आपण उत्तरावरून उलट गणित करत रीडिंगं भरली होती. तुझा आलेख इतका सरळ आला की सरांनी जर्नल वर्गभर फिरवलं. तेव्हा मी तुला म्हणालो होतो, थोडं चुकवायचं असतं रे, खरं वाटतं. तर तीच विद्या मी आता स्वतःच्या घरात वापरली आहे.

हे घर मीच हट्टाने घेतलं, ते तुला माहीत आहे. वैशालीला तळघर नकोच होतं. मी सईला सांगून बसलो होतो की खालची खोली तुझी. गेल्या महिन्यात वैशालीने कुठेतरी रेडॉनबद्दल वाचलं आणि तपासणीची डबी मागवली. रेडॉन म्हणजे जमिनीतल्या युरेनियमचं नातवंड-पतवंड. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही. घरातली गरम हवा वर जाते, खाली ओढ निर्माण होते आणि फरशीच्या भेगांतून, पाइपांच्या कडेने हा आत शिरतो. म्हणून मुक्काम तळघरात. वायू श्वासाबरोबर येतो-जातो, पण त्याच्यापासून तयार होणारं पोलोनियम फुप्फुसात चिकटून राहतं आणि तिथे अल्फा कण, म्हणजे पेशींना इजा करणारे किरणोत्सर्गाचे कण, सोडत बसतं. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या कारणांत धूम्रपानानंतर याचाच नंबर लागतो. धूम्रपान आणि रेडॉन एकत्र आले तर धोका कैक पटींनी वाढतो. हे वाक्य मुद्दाम तुझ्यासाठी लिहिलं आहे. परांजप्यालाही वाचून दाखव.

डबीत नुसता कोळसा असतो, हवेतला रेडॉन शोषून घेणारा. आधी बारा तास आणि नंतर चारही दिवस दारं-खिडक्या बंद ठेवायच्या. डबी जमिनीपासून हातभर उंच, भिंतीपासून आणि वाऱ्याच्या झोतापासून लांब. मग झाकण घट्ट लावून लगेच प्रयोगशाळेकडे धाडायची, कारण रेडॉन पावणेचार दिवसांत निम्मा होतो. पोस्टाने उशीर केला तर पुरावाच विरून जातो.

खिडक्या बंद! होस्टेलवर चार वर्षं आपण ज्यावरून भांडलो तेच. तू ऐन थंडीत खिडकी सताड उघडी ठेवायचास आणि मी दोन पांघरुणं घेऊन तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. म्हटलं, चला, शेवटी विज्ञान माझ्या बाजूने.

तीन रात्री नीट गेल्या. चौथ्या रात्री झोप येईना म्हणून खाली गेलो. सईने भिंतीवर चित्रं लावून ठेवली होती, पुस्तकांची खोकी अर्धी उघडलेली. आणि बंड्या, मी खिडकी उघडली. कोंदट वाटलं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. पहाटे बंद केली. नंतर वाचलं की या कोळशाला शेवटच्या काळातली हवाच जास्त लक्षात राहते. म्हणजे फसवायला नेमकी रात्रही मी बरोबर निवडली.

आकडा आला दर घनमीटर हवेत ९२ बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). जागतिक आरोग्य संघटना म्हणते, शक्यतो १००च्या आत ठेवा, ३००च्या वर जाऊच देऊ नका. वैशालीने सुस्कारा सोडला, सईने त्याच संध्याकाळी गादी खाली नेली. ९२! तुझ्या आलेखासारखा आकडा. मी तो कागद हातात धरून बसलो आणि मला सरांचं ते हसू आठवलं.

नऊ रात्री पोरगी खाली झोपली. नऊ. मी रोज जिन्यात उभा राहून यायचो, जसं काही मला ऐकू येणार होतं. १९८४ची एक गोष्ट वाचली, ती डोक्यातून जाईना. अमेरिकेत स्टॅन्ली वॉट्रस नावाचा माणूस पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात कामाला होता. त्याच्यामुळे किरणोत्सर्गाची घंटा वाजायची. केंद्रात तेव्हा वीजही तयार होत नव्हती. शोधलं तर तो हे अंगावर घरूनच घेऊन येत होता! त्याच्या घरात रेडॉन बेसुमार निघाला. आमच्या जिन्यात घंटा नाही.

दहाव्या दिवशी वैशालीला सांगितलं. मला वाटलं होतं, आकाशपाताळ एक करेल. ती फक्त म्हणाली, "गादी वर आण." सई अजून माझ्याशी बोलत नाही, कारण तिला खरं कारण कुणी सांगितलेलं नाही आणि ते मीच सांगायचं असं ठरलं आहे.

आकडा वाईट आला तरी घर सोडावं लागत नाही म्हणे. फरशीखाली पाइप घालून पंख्याने ती हवा ओढून छपरावर सोडतात. म्हणजे उपाय होता, तरी मी खिडकी उघडली. हेच मला कळत नाही, आणि तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

तुझ्या बदलीचं काय झालं? ताईंचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? घाईत विचारतोय, पण खरंच कळव.

दुसरी डबी परवा पोस्टात पडली. शिवाय तीन महिने ठेवायचा एक प्लॅस्टिकचा तुकडा टांगला आहे. त्यावर अल्फा कणांचे ओरखडे उठतात, ते नंतर मोजतात. त्यात नेहमीसारखंच राहायचं असतं. त्याला फसवायचं तर तीन महिने थंडीत खिडकी उघडी ठेवावी लागेल, आणि ते तुझ्याशिवाय कोण करणार? डबीच्या चार दिवसांत मात्र वैशालीने खिडकीच्या कडीवर चिकटपट्टी लावून आरपार सही ठोकली होती, परीक्षेच्या पेपरच्या गठ्ठ्यावर असते तशी. तारीखही तिच्याच हातची. निकाल आला की कळवीन. पाकीट तीच फोडणार आहे.

तुझा,
विन्या