चालू गोळ्यांचं काय करायचं?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला 'मधुमेहाला ठोका रामराम' हा लेख वाचला आणि रात्री नीट झोप लागली नाही. खाणं आवरलं, वजन उतरवलं की साखर ताब्यात येते, याबद्दल माझा वाद नाही. आमच्या घरातच ते झालंय. पण काय खा, काय सोडा यावर अख्खं पान खर्ची घातलंत आणि चालू गोळ्यांबद्दल एक ओळ नाही?

दोन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांनी असाच एक लेख वाचून मनावर घेतलं. रात्रीचा भात बंद, तीन पोळ्यांच्या जागी एक भाकरी. दीड महिन्यात सहा किलो उतरले. सकाळची साखर उतरवणारी गोळी, ग्लिमेपिराइड, मात्र होती तेवढीच. ती कमी करायची असते, हे आम्हाला कुठे माहीत होतं! एका सकाळी गोळी घेऊन, काही न खाता ते तळजाईवर फिरायला गेले आणि बाकावर बसले ते उठेचनात. शर्ट घामाने चिंब, हात थरथरताहेत, घरचा नंबर सांगता येईना. लोकांना वाटलं हार्ट अटॅक. रोज फिरायला येणाऱ्या एका बाईंनी पर्समधली ग्लुकोजची पुडी पाण्यात कालवून पाजली. मी घरचं मीटर घेऊन रिक्षाने पोचले तेव्हा साखर ५२, म्हणजे फारच कमी होती. पुडीच्या आधी किती असेल, या विचाराने आजही अंगावर काटा येतो.

ही गोळी पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि खाणं कमी पडलं की साखर धोक्याइतकी खाली जाते. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांना तर हा धोका आणखी मोठा. तुम्ही ज्या ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' प्रयोगाचा दाखला दिलात, त्यात आहार रोज साडेआठशे कॅलरींच्या आसपास आणला होता, पण मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, दवाखान्याच्या देखरेखीखाली. इन्सुलिनवाले त्यात घेतलेच नव्हते आणि आजार सगळ्यांचा सहा वर्षांच्या आतला होता. वर्षाअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना मागे हटला, हे तुम्ही ठळक छापलंत. दुसऱ्या वर्षाअखेर तो आकडा ३६ वर आला, ते कुठे गेलं? वजन परत चढलं की साखरही परत येते. मग रामराम कसला?

आमच्याकडे पुढचं सगळं डॉक्टरांना विचारून झालं. यजमान ८३ वरून ७० किलोवर आले, गोळ्या एकेक करून सुटल्या. तरी एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी, दर तीन महिन्यांनी करतोच. मागच्या खेपेला ६.१ आली.

आणि त्याच पानाच्या तळाशी मधुमेह मुळासकट घालवणाऱ्या चूर्णाची जाहिरात! आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या १९५४ च्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे, आणि तो कायदा जाहिरात छापणाऱ्यालाही लागू होतो. तुमच्या जाहिरात विभागाला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

पुढच्या पुरवणीत, त्याच जागी, त्याच टायपात एवढं छापा: ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांना भेटा.

आपली,
एक जुनी वाचक, सहकारनगर, पुणे