कोपऱ्यातली व्हीलचेअर आणि स्कॅन केलेले वेळापत्रक

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शासकीय रुग्णालयाच्या नव्या 'दिव्यांगस्नेही' संकेतस्थळाच्या लोकार्पणाची बातमी कालच्या अंकात चार कॉलम छापलीत, अभिनंदन. फोटोत फीत आहे, पुष्पगुच्छ आहेत, मान्यवर तर दाटीवाटीने आहेत. संगणकासमोर बसून ते संकेतस्थळ वापरणारी दिव्यांग व्यक्ती मात्र एकही नाही. बसवली असती तर कार्यक्रम बराच लांबला असता, चहा गार झाला असता.

कौतुक कशाचे, तर पानाच्या उजव्या कोपऱ्यात व्हीलचेअरचे निळे चिन्ह आहे. ते दाबले की अक्षरे मोठी होतात, रंग उलटे होतात आणि एक आवाज मजकूर वाचून दाखवतो. असली पट्टी बाजारात वार्षिक भाड्याने मिळते, कोडची एक ओळ टाकली की लागते. अक्षरे मोठी करायला कोणत्याही ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचे बटण पुरते, त्याला भाडे पडत नाही. राहिला वाचून दाखवणारा आवाज. ज्याला दिसत नाही तो संगणक सुरू केल्यापासूनच स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीवर असतो. एनव्हीडीए फुकट मिळतो, बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक आधीपासून असतो. आता त्याच्या कानात दोन आवाज एकदम बोलणार. शिवाय या पट्टीला खालचे पान जसे बांधले आहे तेवढेच कळते. फोटोत काय आहे, रकाना कशाचा आहे हे पानात लिहिलेलेच नसेल, तर पट्टी ते कुठून आणणार?

पण ते एक वेळ सोडा. खरा संताप त्या वेळापत्रकाचा आहे.

दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीला कोणत्या तालुक्याने कोणत्या तारखेला, कोणत्या खोलीत यायचे, हा सगळ्या संकेतस्थळावरचा सर्वांत कामाचा कागद. तो कसा तयार होतो ते पाहा. संगणकावर टाइप होतो. छापला जातो. वर जावक क्रमांक पडतो, खाली सही आणि गोल शिक्का. मग तो स्कॅनरवर जरासा तिरका ठेवला जातो आणि त्याची पीडीएफ चढवली जाते. डोळ्यांना कागद दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते नुसते चित्र आहे, त्यात अक्षर एकही नाही. स्क्रीन रीडर तिथे पोचला की गप्प बसतो, फार तर पान रिकामे असल्याचे सांगतो. फोनवरच्या ॲपने चित्रातली अक्षरे ओळखून घ्यावीत म्हटले, तर तक्त्याचे रकाने मोडतात. आधी तालुक्यांची नावे सलग वाचली जातात, मग तारखा सलग, आणि कोणती तारीख कोणाची हे ज्याने त्याने नशिबावर ठरवायचे. शिक्का ज्या ओळीवर उमटला ती ओळ तर गेलीच.

किनवट, आष्टी, भूम असल्या टोकाच्या तालुक्यांतून जिल्ह्याच्या गावी जाणे म्हणजे काय, हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. चुकीच्या दिवशी पोचलेल्या माणसाला खिडकीतून उत्तर ठरलेले: "वेबसाइटवर टाकलं होतं की." सोबत आलेल्याचा रोज बुडतो. प्रमाणपत्रच हातात नाही म्हणून एसटीची सवलत नाही, जाता-येता पूर्ण तिकीट. ज्या कागदासाठी तो आला, तो नसल्याचा दंड तो आधीच भरून बसलेला असतो.

आणि उपाय? दमडीचा खर्च नाही. टाइप केलेली मूळ फाइल त्याच संगणकात पडून आहे. वर्डमध्ये शीर्षक नुसते ठळक करू नका, त्याला 'हेडिंग 1' ही शैली द्या. तक्त्याच्या पहिल्या ओळीला 'रिपीट हेडर रो' लावा. तक्त्यातली दोन घरे जोडून एक करू नका, कारण मग कोणती तारीख कोणत्या रकान्यातली हे स्क्रीन रीडरला कळत नाही. जागा सोडायला एंटरवर एंटर मारू नका, प्रत्येक वेळी 'रिकामे, रिकामे' ऐकावे लागते. मग 'सेव्ह ॲज' मधून पीडीएफ करा आणि त्याच्या पर्यायांत 'डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्ज' या चौकटीत खूण आहे ना ते बघा. शीर्षक कोणते, तक्ता कोणता हे स्क्रीन रीडरला या टॅगवरूनच कळते. 'प्रिंट'मध्ये जाऊन पीडीएफ काढली तर हे टॅग गळतात आणि केलेले सगळे वाया जाते. सही-शिक्क्याची प्रत दप्तरी राहू द्या, तिला कोणी नाही म्हणत नाही. त्याहून बरे म्हणजे पीडीएफच नको. तारखा सरळ पानावर साध्या तक्त्यात लिहा. साध्या फोनवर उघडतात, डेटा कमी खातात, आणि एखादी तारीख बदलली तर तेवढीच बदलता येते. आत्ता बदल झाला की 'शुद्धिपत्रक' नावाची आणखी एक तिरकी पीडीएफ चढते.

इथे एक खाच आहे, ती आधीच सांगितलेली बरी. टाइपिंग अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये होत असेल तर स्कॅन टाळूनही फायदा नाही. पडद्यावर 'तपासणी' दिसते, पण आत साठलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. स्क्रीन रीडर तोच लगदा वाचतो. टाइपिंग युनिकोडमध्येच हवे, म्हणजे देवनागरी अक्षर आतही देवनागरी म्हणूनच साठते. जुन्या फायली कन्व्हर्टरमधून काढता येतात, मात्र रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे अशा वेळी हमखास हलतात. गावांची आणि औषधांची नावे माणसाने एकदा वाचायलाच हवीत.

भाषेचेही तसेच. संपूर्ण मराठी पानाच्या कोडमध्ये भाषा म्हणून इंग्रजी लिहिलेली आहे, कारण तयार साच्यात तशीच आली आणि कोणी बदलली नाही. परिणाम असा, की स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जातो. काही आवाज शब्द गाळतात, काही एकेक अक्षर सुटे करून उच्चारतात. कोडमधल्या 'एलएएनजी' (भाषा) पुढच्या अवतरणात 'ईएन' (इंग्रजी) च्या जागी 'एमआर' (मराठी) केले की झाले. दोन अक्षरांचे काम, त्याला निविदा लागत नाही.

आता नोंदणीच्या अर्जाकडे या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. जन्मतारखेला फक्त उघडणारी दिनदर्शिका दिली आहे, टाइप करायची सोय नाही. ती एकेक महिना मागे सरकते. 1958 साली जन्मलेल्या आजोबांनी ते बटण सुमारे 800 वेळा दाबायचे, आणि कीबोर्डवरून तर ते दाबलेच जात नाही. दिवस, महिना, वर्ष अशा तीन साध्या चौकटी दिल्या असत्या तर काय बिघडले असते? चौकटींची नावेही फिकट करड्या रंगात चौकटीच्या आतच लिहिलेली आहेत. पहिले अक्षर टाइप केले की नाव गायब, मग ही चौकट वडिलांच्या नावाची होती की गावाच्या, आठवत बसा. नाव चौकटीच्या वर, कायम दिसणारे आणि कोडमध्ये तिच्याशी 'लेबल' म्हणून जोडलेले हवे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान 4.5 ला 1 हवे. करड्यावर पांढरे आणि पांढऱ्यावर करडे या हौसेत ते बसत नाही.

ओटीपीसाठी सहा सुट्या चौकटी आणि 30 सेकंद. स्क्रीन रीडरवाल्याला संदेशांच्या ॲपमध्ये जायचे, आकडे ऐकायचे, लक्षात ठेवायचे, परत यायचे आणि सहा ठिकाणी एकेक टाकायचा. वेळ संपली की पान पहिल्यापासून कोरे. चौकट एकच ठेवा, त्यात चिकटवता येऊ द्या, वेळ संपण्याआधी इशारा द्या, वाढवून घ्यायला निदान 20 सेकंद द्या आणि काही झाले तरी आधी भरलेला मजकूर पुसू नका. त्यानंतर कॅप्चा! वाकड्यातिकड्या अक्षरांचे चित्र, ऐकण्याची सोय नाही. ओटीपी घेतलाच आहे, मग माणूस असल्याचा आणखी पुरावा कशाला? यंत्रांचा उपद्रव असेल तर एका क्रमांकावरून किती नोंदी घ्यायच्या याची मर्यादा सर्व्हरवर घाला.

कमाल म्हणजे दिव्यांगत्वाच्या प्रकारांची यादी. 1995 च्या कायद्यात 7 प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 झाले. या यादीत अजून 7 च आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या रुग्णाने काय निवडायचे? चौकशीसाठी फक्त दूरध्वनी क्रमांक दिला आहे, म्हणजे कर्णबधिरांनी चौकशीच करू नये. एसएमएस किंवा व्हॉट्सॲपचा एक क्रमांक पुरे होता. वर सरकत्या सूचना आणि लुकलुकणारे 'नवीन' आहेतच. ते थांबवायला बटण नाही.

तपासणी झाली होती, 100 पैकी भरघोस गुण मिळाले, असे बातमीत कंत्राटदाराच्या हवाल्याने म्हटले आहे. मिळाले असतील. ती तपासणी यंत्र करते. फोटोला पर्यायी मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द) आहे का एवढे ते पाहते, तो 'बॅनर2 फायनल' असा असला तरी त्याचे समाधान होते. खरी पहिली तपासणी कोणत्याही लिपिकाला दहा मिनिटांत जमते. माउस बाजूला काढा. टॅब दाबत अर्जाच्या शेवटापर्यंत जा. आपण कोणत्या चौकटीवर आहोत हे दाखवणारी रेघ प्रत्येक वेळी दिसली पाहिजे (सुंदर दिसत नाही म्हणून डिझाइनवाले ती मुद्दाम काढतात). उघडलेली खिडकी एस्केपने बंद झाली पाहिजे. मग पान 200 टक्के मोठे करा आणि 'सादर करा' हे बटण पडद्याबाहेर गेले का ते बघा. मुद्दाम एक चौकट रिकामी सोडून अर्ज पाठवा. नुसती लाल कड उमटली तर नापास. 'मोबाइल क्रमांक भरला नाही' हे शब्दांत यायला हवे आणि कर्सर त्या चौकटीवर जायला हवा.

त्यानंतर पूर्ण दृष्टिहीन, कमी दृष्टीची, माउस धरू न शकणारी आणि कर्णबधिर अशा चार व्यक्तींना मानधन देऊन बसवा. 'पुढच्या तारखेची नोंदणी करा' एवढेच सांगा आणि मध्ये बोलू नका. त्यांची नोंदणी होईपर्यंत कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता अडवून ठेवा. हे निविदेतच लिहिले पाहिजे, संगणकीय सेवांच्या सुगम्यतेसाठीच्या आयएस 17802 या भारतीय मानकाचे नाव घालून. 'संकेतस्थळ दिव्यांगस्नेही असावे' एवढ्या वाक्यावर कोणाला धरता येत नाही.

कायद्याचे नाव काढले की आपल्याकडे चेहरे उतरतात, म्हणून थोडक्यात. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. सुगम्यतेचे (दिव्यांगांना वापरता येण्याचे) निकष म्हणजे नुसत्या शिफारशी, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात या अधिनियमाखालच्या नियमांतला नियम 15(1) बाद ठरवून बंद केली आणि सक्तीचे नियम करायला सांगितले. त्याच न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंतची पोच ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मध्येच, म्हणजे जगण्याच्या हक्कातच धरली आहे. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे तर 2009 पासून आहेत. तेव्हा हे उपकाराचे काम असल्यासारखी भाषणे आता आवरावीत.

जाता जाता आपल्याच घरची एक गोष्ट. ही बातमी दिव्यांगांसाठी होती ना? आपल्या ई-पेपरचे प्रत्येक पान हे चित्र आहे. स्क्रीन रीडरला त्यातला मथळासुद्धा सापडत नाही. आणि छापील अंकात संकेतस्थळाचा पत्ता न देता फक्त क्यूआर कोड दिलात. पानावर तो नेमका कुठे आहे हे न दिसणाऱ्याने कॅमेरा रोखायचा कुठे? ई-पेपरच्या पानावर बातमी दाबली की तिचा युनिकोड मजकूर उघडण्याची सोय करता येते, अनेक दैनिकांनी केली आहे. ती होईपर्यंत निदान क्यूआर कोडच्या खाली पूर्ण पत्ता आणि चौकशीचा क्रमांक अक्षरांत छापावा, आणि तपासणीच्या तारखांचे तालुकावार वेळापत्रक दर महिन्याला आपल्या संकेतस्थळावर मजकूर म्हणून टाकावे. रुग्णालयाकडून ते मागताना वर्डची फाइल मागावी, स्कॅन नव्हे.

आपला,
एक वाचक, वसमत