‘अभेद्य’ म्हणण्याआधी रिसीव्हर तपासा

महोदय,

क्वांटम संदेशवहनाच्या बातमीत ‘अभेद्य’ हा शब्द हमखास असतो. ३४ वर्षं पुण्यात फायबर आणि केबलच्या कामात काढल्यामुळे तो वाचून मला स्वस्थ बसवत नाही. दावा असा, की संदेश कुलूपबंद करणारी गुप्त किल्ली एकेका फोटॉनवरून, म्हणजे प्रकाशाच्या कणावरून, पाठवली की मध्ये कोणी डोकावलं तर कळतंच.

फार पूर्वी शहरातल्याच दोन एक्स्चेंजमधली चार किलोमीटरची लिंक चालू होईना. रात्रभर आम्ही केबलमध्ये फॉल्ट शोधला, पावसात मॅनहोलमध्ये उतरलो, जॉइंट उघडले. केबल ठणठणीत होती. पहाटे रिसीव्हरच्या टोकाला पॉवर मीटर लावला तेव्हा उलगडा झाला. लांब पल्ल्याचं कार्ड बसवलं होतं, पण मध्ये प्रकाश कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर घालायचा राहिला होता. प्रकाश जास्त झाल्यामुळे रिसीव्हर आंधळा झाला होता.

आमच्याकडून चुकून झालं, ते २०१० मध्ये नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी मुद्दाम करून दाखवलं. क्वांटम यंत्रातला अ‍ॅव्हलांच फोटोडायोड, म्हणजे त्याचा रिसीव्हर किंवा डिटेक्टर, एकेक फोटॉन टिपतो. त्याच्यावर प्रखर लेझर धरून ठेवला की ती क्षमता जाते आणि तो साध्या रिसीव्हरसारखा वागू लागतो. मग घुसखोर ठरावीक मर्यादेहून जास्त पॉवर पाठवेल तेव्हाच तो ‘फोटॉन आला’ म्हणतो. बाजारात विकली जाणारी दोन कंपन्यांची यंत्रं अशी फसली. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात एका प्रयोगात २९० मीटर फायबरवर अख्खी गुप्त किल्ली चोरली गेली आणि दोन्ही टोकांना पत्ताही लागला नाही.

किल्ली पाठवण्याची बेनेट आणि ब्रासार यांची १९८४ ची मूळ पद्धत यात चुकलेली नाही. दगा दिला तो डब्यातल्या डायोडने. २०१२ मध्ये निघालेल्या एका पद्धतीत डिटेक्टर शत्रूच्या हाती असला तरी किल्ली सुरक्षित राहते, हे खरं. पण तिथेही पाठवणाऱ्या बाजूवर भरवसा ठेवावाच लागतो. बाहेरून त्या यंत्रात प्रकाश सोडून परत येणाऱ्या प्रकाशावरून आतली सेटिंग ओळखण्याची युक्तीही जुनी आहे.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ६,००३ कोटींचा खर्च आणि शहराशहरांत २,००० किलोमीटरपर्यंत क्वांटम लिंक हे उद्दिष्ट. मला त्याचा मनापासून आनंद आहे, म्हणूनच कळकळीने लिहितो. यंत्र घेताना कंपनीच्या प्रमाणपत्रावर थांबू नये. ते विकत घेणारा आणि विकणारा सोडून तिसऱ्या कोणाच्या तरी हाती द्यावं आणि मोडून दाखवायला सांगावं. पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत क्वांटम तंत्रज्ञानाचं आय-हब हे केंद्र आहे; पुण्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना तिथे हे हल्ले स्वतः करून पाहायला मिळाले, तर तपासणारी माणसं इथेच तयार होतील.

त्या रात्रीनंतर मी आमच्या टेस्ट शीटवर रिसीव्हरला मिळणाऱ्या कमाल पॉवरचा रकाना पेनाने आखून घेतला होता. क्वांटम लिंकच्या शीटवर तो पहिल्या दिवसापासून छापलेला असावा, एवढी विनंती.

– एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, धायरी, पुणे